हेमांगी टिपणीस यांचे नऊ किलो

चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या त्या कड्यावर दिवस मावळत नाही, तो क्षितिजाला टेकून नुसता फिरत राहतो. कौमुदी केंद्राच्या एकुलत्या एका खिडकीतून हा थकलेला, आडवा उजेड आत येई आणि तीन माणसांच्या कामावर पडून राही. काम नऊ माणसांचे होते. संध्याकाळच नसल्यामुळे ते संपण्याची वेळही ठरलेली नव्हती.

केंद्रप्रमुख हेमांगी टिपणीस त्या दिवशी सतरावी बैठक आटोपून वैद्यकीय कक्षात आल्या, त्या अठरावी बैठक कानात घेऊनच. वय बावन्न. तीन महिन्यांनी पृथ्वीवर परतायचे होते आणि त्याआधीची अनिवार्य तपासणी त्यांनी चार वेळा पुढे ढकलली होती.

"खुर्चीत बसा," डॉ. उस्मान मुजावर म्हणाले. मुजावर मूळचे मिरजेचे. केंद्राचे वैद्य तेच आणि केंद्राच्या बागेचे माळीही तेच. "आणि कानातलं काढा."

"नुसती ऐकतेय. बोलत नाहीये."

"मग बैठकीला तुमची गरज काय?"

हेमांगीबाई कानातल्यासकट खुर्चीत बसल्या. दोलनखुर्ची त्यांना घेऊन सात-आठ वेळा मागेपुढे झुलली आणि थांबली.

"एक्क्याऐंशी," मुजावर म्हणाले.

"बिघडली असेल. भांडारातल्या काट्यावर परवाच साडेतेरा भरले मी."

"तो काटा वजन सांगतो, टिपणीसबाई. वजन म्हणजे चंद्र तुम्हाला किती ओढतो ते. बिचाऱ्याची ओढच मुळात पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याची. ही खुर्ची तुम्हाला हलवून बघते आणि हलायला तुम्ही किती कंटाळा करता ते मोजते. त्याला वस्तुमान म्हणतात. ते इथं, तिथं, कुठंही गेलात तरी तेवढंच."

दोन वर्षे ज्या साडेतेरा किलोंच्या भरवशावर त्या निर्धास्त जेवत आल्या होत्या, त्यांचा अर्थ हेमांगीबाईंच्या ध्यानात आला. त्यांनी कानातली बैठक बंद केली.

दाराशी उभा असलेला जालिंदर नाईकनवरे हे सारे ऐकत होता. फलटणचा हा तरुण वैमानिक तिघांना घरी नेणार होता, त्यामुळे या आकड्याशी त्याचा थेट संबंध होता. "मॅडम, परतयानाचं इंधन मोजून दिलेलं आहे," तो म्हणाला. "तिघांचे मिळून दोनशे दहा किलो. डॉक्टरसाहेब सत्तर, मी अडुसष्ट, आणि तुम्ही एक्क्याऐंशी. दोनशे एकोणीस झाले."

"नऊ किलोंनी काय होतंय?"

"उड्डाण होत नाही. नियम असाय की जो सगळ्यात जड, तो मागं राहतो. पुढचं यान सहा महिन्यांनी."

सहा महिने. रोह्याला हेमांगीबाईंचे वडील, आप्पा, एक्क्याऐंशीव्या वर्षात होते. चित्रकला शिकवून निवृत्त झालेला हा मिश्किल म्हातारा आयुष्यातली हजारावी पौर्णिमा पाहणार होता आणि त्याच संध्याकाळी त्याचे सहस्रचंद्रदर्शन मांडलेले होते. यान वेळेवर निघाले तर त्या तीन आठवडे आधी घरी पोहोचत होत्या. मागच्या रविवारी पडद्यावर आप्पा म्हणाले होते, "शेवटच्या पंचवीस चंद्रांवर तू होतीस, हेमा. मी प्रत्येक वेळी नीट बघितलं. एकदाही दिसली नाहीस." मग त्यांनी उगाचच चष्मा पुसला होता.

"रोज दोन तास धावपट्टी," मुजावरांनी फर्मावले.

हेमांगीबाईंनी आपले वेळापत्रक त्यांच्यापुढे धरले. सबंध दिवसात सोळा मिनिटे मोकळी होती, आणि तीही झोपेतून उसनी घेतलेली.

मुजावरांनी तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला. त्या चौकटींत कोंडून राहिलेले आयुष्य पाहून एखाद्याने हाय खाल्ली असती, पण मुजावर उपाय सुचणाऱ्यांपैकी होते. त्यांनी कपाटातून एक जाडसर, बिनबाह्यांचा अंगरखा काढला. त्याच्या अस्तरात बारीक नळ्या होत्या.

"शीतकंचुक. यातून चौदा अंशांचं पाणी फिरतं. मानेपाशी आणि पाठीच्या कण्यालगत आपल्याकडे थोडी तपकिरी चरबी असते. ती साठवणीची नाही, ती शेगडी आहे. अंग गार पडलं की ती पेटते आणि बाकीची चरबी सरपणासारखी ओढून घेते. तुम्ही बसून राहायचं. बैठका चालू ठेवा."

"वेळ लागणार नाही?"

"थंडी वाजायला वेगळा वेळ काढावा लागत नाही."

"आणि ती चरबी जळून जाते कुठे? घामातून?"

"सगळे तेच म्हणतात," मुजावर खुलले. हा त्यांचा आवडता विषय होता. "दहा किलो चरबी गेली, तर त्यातली जवळपास साडेआठ किलो श्वासावाटे जाते. कार्बन डायऑक्साइड होऊन. उरलेलं पाणी. माणूस बारीक होतो तो नाकातून, टिपणीसबाई. आपण एकेक श्वास टाकत स्वतःला थोडं थोडं सोडून देत असतो."

हे वाक्य हेमांगीबाईंना एरवी आवडले असते. त्या वेळी त्यांची एकोणिसावी बैठक सुरू होत होती.

कंचुकाचे काम चोख होते. पहिल्या आठवड्यात त्या बैठकांमध्ये कुडकुडत बसू लागल्या, आणि पृथ्वीवरच्या अधिकाऱ्यांनी त्याचा निराळाच अर्थ घेतला. पडद्यावर दिसे ते इतकेच: केंद्रप्रमुखांचा जबडा आवळलेला, हात थरथरताहेत, ओठ निळसर. अकरा महिने अडलेली गाळण्यांची मागणी एका दुपारी मंजूर झाली. मंजुरी देणाऱ्या गृहस्थाने वर, "आपण कृपया शांत व्हावे," असेही म्हटले. दातांवर दात आपटत असल्याने हेमांगीबाईंना आभार मानता आले नाहीत, आणि त्याने घाबरून सुटे भागही मंजूर केले.

दर शनिवारी त्या एकट्या खुर्चीत बसत. ऐंशी. एकोणऐंशीला थोडे कमी. सव्वाअठ्ठ्याहत्तर. देहाची एकेक पाकळी गळावी तसे ते आकडे गळत होते आणि रोहे जवळ येत होते.

बागेलाही याच दिवसांत बहर आला. मुजावरांनी भोपळ्याच्या वाफ्यावर स्वतः जुळवलेले जांभळे दिवे लावले होते आणि वेल चेकाळल्यासारखे वाढत होते. शेवाळाच्या टाक्याही दाट हिरव्या झाल्या. मुजावरांनी 'जांभळ्या प्रकाशातील भोपळ्याचे वाढीव उत्पन्न' या विषयावर शोधनिबंध लिहून पृथ्वीवर धाडला. केंद्रातला एक ग्रॅमही पदार्थ बाहेर फेकायला बंदी होती आणि साठवायला जागा नव्हती. म्हणजे जे पिकेल ते खायचेच.

इथे हेमांगीबाईंमधली यजमानीण जागी झाली. स्वतःचे पान मोजके, पण दुसऱ्याचे पान रिकामे पाहणे त्यांच्या संस्कारात बसत नव्हते.

"जालिंदर, घारगे उरलेत चार."

"मॅडम, बास. गळ्याशी आलंय."

"इतका मोठा गडी आणि चार घारग्यांना भितोस? डॉक्टर, भरीत घ्या. तुमच्याच वेलाचं आहे, तुम्हीच नाही म्हटलंत तर त्याला काय वाटेल?"

"अर्धा चमचा," मुजावर म्हणत, आणि तीन चमचे येत. आपल्या दिव्यांच्या कौतुकाने ते भारलेले असत. कौतुकाच्या भरात माणूस जरा जास्तच जेवतो.

चंद्रावर पोट सुटले तरी लोंबत नाही, आणि केंद्रातले कपडे ताणणारे होते. कुणाच्याच काही लक्षात आले नाही.

यान सुटायला अकरा दिवस उरले असताना तिघांची अखेरची मोजणी झाली. हेमांगीबाई बसल्या. खुर्ची झुलली. बाहत्तर. जालिंदरने टाळ्या वाजवल्या. हेमांगीबाई हसल्या, आणि दोन वर्षांत प्रथमच त्यांनी एक बैठक आपणहून रद्द केली.

मग मुजावर बसले. पंच्याहत्तर.

"खुर्ची बिघडली असेल," मुजावर म्हणाले.

जालिंदर बसला. तोही बाहत्तर. त्याने पाटीवर बेरीज केली, पुसली, पुन्हा केली आणि पाटी डॉक्टरांच्या हातात दिली. दोनशे एकोणीस.

खोलीत हवा फिरवणारा पंखा घरघरत होता. मुजावरांनी त्या पंख्याकडे पाहिले, तिथून बागेकडे जाणाऱ्या नळीकडे आणि नळीवरून दारापलीकडच्या हिरव्या टाक्यांकडे. पाहता पाहता त्यांचा चेहरा उतरत गेला.

"बाई, तुमची चरबी श्वासातून गेली."

"ते तुम्ही सांगितलंत."

"गेली कुठे, ते मी सांगितलं नाही. इथली हवा बाहेर जात नाही. तुमचा श्वास पंख्यातून बागेत गेला. वेलांनी तो घेतला, त्यातला कार्बन ठेवून घेतला आणि त्याचा भोपळा केला. एक किलो चरबीतून, पाणी धरून, अठरा-वीस किलो भोपळा होतो. तो भोपळा आम्ही खाल्ला." त्यांनी दारापलीकडच्या जांभळ्या उजेडाकडे हात केला. "माझ्या दिव्यांनी काही केलेलं नाही. निबंध परत मागवावा लागेल."

जालिंदरने हळूच आपल्या पोटावर हात ठेवला. "म्हणजे हे चार किलो मॅडमचे?"

"आणि हे पाच," मुजावर म्हणाले. "सहा महिन्यांत मालवाहू यान आलेलं नाही. बाहेरून काही आत नाही, आतलं काही बाहेर नाही. बंद डब्यात तिघं बसलोय. एकजण उतरला की उरलेले चढणार. बेरीज हलणार कशी?"

जालिंदर खाकरला. "आता सगळ्यात जड डॉक्टरसाहेब आहेत. नियमानं त्यांनी राहायचं. आपण दोघं एकशे चव्वेचाळीस. मोकळे जाऊ."

"बरोबर आहे," मुजावर म्हणाले. "जा तुम्ही. आप्पांचा चंद्र चुकवू नका. मला काय, सहा महिने अजून. मिरजेत माझी वाट बघणारं कुणी नाही, भोपळे तरी आहेत इथं."

हेमांगीबाई खिडकीशी गेल्या. क्षितिजावर पृथ्वी अर्धी उगवून थबकली होती, निळी आणि अगदी लहान. हवे होते ते सारे त्यांच्या हातात आले होते. नियमही त्यांच्याच बाजूचा होता. पण मागे उभ्या असलेल्या डॉक्टरांच्या अंगावर पाच किलो हेमांगी टिपणीस होती, आणि ती त्यांनीच, चमच्याचमच्याने, आग्रह करकरून वाढली होती.

"माझं ओझं तुमच्या अंगावर टाकून मी घरी जायचं, आणि आप्पांसमोर उभं राहायचं," त्या वळून म्हणाल्या. "जमायचं नाही. डॉक्टर, बेरीज हलवायला काय लागेल?"

"ते नऊ किलो तिघांच्याही अंगावर नकोत. बागेत हवेत. श्वास सोडायचा आणि वेलांनी त्याचं केलेलं खायचं नाही. पिकू द्यायचं, तोडायचं आणि ठेवून द्यायचं."

"ठेवायचं कुठे?"

"जिथं जागा मिळेल तिथं."

"प्रत्येकी तीन किलो. अकरा दिवस. चरबी थोडी, पाणी थोडं. नुसतं सार आणि मीठ," हेमांगीबाईंनी हिशेब संपवला. "आणि कोणी कोणाला आग्रह करायचा नाही. मीसुद्धा."

कंचुक एकच होता. तो तिघांनी पाळीपाळीने घातला. त्यामुळे त्या अकरा दिवसांत केंद्राच्या प्रत्येक बैठकीत कोणीतरी थरथरत असे, आणि पृथ्वीवर अशी समजूत झाली की चंद्रावर बंड होऊ घातले आहे. पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक चर्चेविना संमत झाले.

भोपळे मात्र पिकतच राहिले. आधी ते स्वयंपाकघरात मावले, मग बोळात आले. सातव्या दिवशी जालिंदर जागा झाला तेव्हा त्याच्या उशाशी एक होता आणि पायाशी दोन. उपाशी माणसाला अन्नाच्या इतक्या जवळ झोपावे लागावे, यात काहीतरी फार जुनी क्रूरता आहे. "डॉक्टरसाहेब," तो क्षीण आवाजात म्हणाला, "ह्यातला कुठला मी?"

"केशरी," मुजावर म्हणाले. तेही जागेच होते.

अकराव्या दिवशी खुर्ची तीनदा झुलली. एकोणसत्तर, बाहत्तर, एकोणसत्तर. जालिंदरने बेरीज एकदाच केली.

नवी तुकडी उतरली तेव्हा केंद्रात पाय ठेवायला जागा नव्हती. नव्या प्रमुख, विभावरी केळुसकर, चार दिवस नळीतला लगदा खाऊन आलेल्या होत्या. चहूकडचे ते केशरी वैभव पाहून त्या भारावल्या. "आमच्यासाठी एवढं सगळं?" असे त्यांनी विचारले. तिघांनी एकमेकांकडे पाहिले. हेमांगीबाईंनी कार्यभाराच्या वहीत सारी हकिकत प्रामाणिकपणे लिहून ठेवली होती, पान एकशे बारावर. केळुसकरांच्या वेळापत्रकात वाचनासाठी नऊ मिनिटे राखलेली होती.

रोह्याला कुंडलिकेच्या पुलापलीकडून चंद्र वर आला, तेव्हा अंगणातले ओवाळणे नुकतेच आटोपले होते. पाहुणे जेवणाकडे वळले. आप्पा खुर्चीतच बसून राहिले, मान वर करून. हेमांगीबाई शेजारी पायरीवर टेकल्या. खिशातले यंत्र थरथरले. संदेश केळुसकरांचा होता: 'महिन्याभरात आम्हा तिघांचे मिळून साडेचार किलो वाढले आहेत. कारण कळत नाही. आपल्या काळात असे काही झाले होते का?'

त्यांनी उत्तर लिहिले, 'उरलेले साडेचारही वाढतील. पान एकशे बारा पाहावे,' आणि यंत्र बंद केले.

"हसतेस काय?" आप्पांनी विचारले. "आणि तिथून माझ्यासाठी काय आणलंस ते अजून दाखवलं नाहीस."

"खडासुद्धा आणू दिला नाही, आप्पा. वजनाची मर्यादा. उलट ठेवूनच आले."

"काय ठेवलंस?"

"नऊ किलो. माझेच. अगदी खालच्या टोकाला."

आप्पांनी चष्मा पुसला, नीट लावला आणि चित्रकला मास्तरांच्या नजरेने, एक डोळा बारीक करून, हजाराव्या चंद्राकडे बराच वेळ पाहिले.

"तरीच," ते म्हणाले. "आज खालच्या बाजूला जरा जड दिसतोय."