कोबीचा वाफा

ए, तो मोबाइल उलटा ठेव आणि दार लोटून घे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मधेच दात काढलेले मला चालणार नाहीत. ही ऐकीव गोष्ट नाही. माझा टेम्पोवाला मित्र त्या घरी पहाटे भाजी भरायला जायचा, त्याने डोळ्यांनी पाहिलेली.

घरात म्हातारा, मुलगा, सून आणि पाच वर्षांची नात. शेत एवढंसं. पण भाजीला विषाचा थेंब लावायचा नाही, हा म्हाताऱ्याचा हट्ट. कारण नात वाफ्यातलं पान तोडायची आणि तसंच तोंडात टाकायची. मग किडीचं काय? म्हातारा रात्री अनवाणी उतरायचा, कमरेला पत्र्याचा डबा बांधायचा आणि बॅटरीच्या उजेडात कोबीवरच्या अळ्या एकेक करून वेचायचा. टप्, टप्, डब्यात. उजव्या पायाचा अंगठा तरुणपणीच कुदळीने गेलेला, पण चाल ताठ.

पुढे नजर अधू झाली. एकदा अळ्या राहिल्या आणि गाडीभर कोबी परत आला. मुलगा भडकला. म्हणाला, "बाबा, तुम्हाला काही दिसत नाही. उद्यापासून शेतात पाऊल टाकायचं नाही."

म्हातारा "बरं" म्हणाला. बस्स. त्यानंतर उंबऱ्यावर बसून राहायचा, पायरी काही उतरला नाही. महिन्याभरात तिथेच बसल्या बसल्या गेला. मुलाच्या जिवाला ते फार लागलं रे. माफी मागायची राहूनच गेली.

मागच्या हिवाळ्यातली शनिवारची रात्र. तीन वाजायला आले होते. मित्र पोचला तर मुलगा ओसरीवर बसलेला, शेजारी फवारणीचा पंप भरून ठेवलेला.

"थकलो, काका. कितीही वेचा, अळ्या संपत नाहीत. आज मारतोच औषध. पोरीला सांगितलंय, कोबीकडे फिरकायचं नाही."

मित्र म्हणाला, "बघ बुवा, तुझं तू."

तेवढ्यात कोबीतून आवाज आला.

टप्.



टप्... टप्...

मुलाने बॅटरी मारली. कोणी नाही. म्हाताऱ्याचा डबा ओसरीच्या खुंटीला टांगलेला असायचा, तिकडे पाहिलं. डबा नाही.

"काका... ऐकताय ना?"

मित्राने नुसती मान हलवली.

टप्...

मग थांबलं. बराच वेळ काहीच नाही...

मुलगा वळला. डबा उंबऱ्यावर होता. काठोकाठ भरलेला. आत अळ्या वळवळत होत्या.

दोघं वाफ्याच्या कडेपर्यंत धावले. संध्याकाळीच पाणी दिलेलं, चिखल लोण्यासारखा मऊ. त्यात एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

मुलगा मटकन खाली बसला. "मीच म्हणालो होतो, पाऊल टाकायचं नाही. अजून पाळतायत, काका..." आणि अंधाराकडे तोंड करून त्याने हंबरडा फोडला, "बाबा, चुकलो हो! शेत तुमचंच आहे. उतरा ना खाली..."

 

मित्राने त्याला धरून घरात नेलं. पंप ओसरीवर तसाच राहिला. उजाडता उजाडता नात उठली, सवयीने कोबीकडे पळाली आणि तिथूनच ओरडली,

"बाबा, आजोबा उतरले!"

दोघं धावले. कोबीच्या ओळींमधून, ओल्या चिखलात, अनवाणी पावलं या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली. उजव्या पावलाला अंगठा नव्हता.