ड्रायव्हरची सीट

केल्विनने मासळी नेण्यासाठी जुनी व्हॅन घेतली आणि पहिल्याच आठवड्यात ती पाचूबंदरच्या धक्क्यावर अडून बसली. सातिवलीहून बर्फ घेऊन आला, गाडी बंद केली, बर्फ उतरवला आणि पुन्हा सेल्फ मारला, तर नुसतं खर्र… खर्र…

"ढकलूया," प्रितेश म्हणाला.

"तू ढकल. मी आत बसून बघतो जमतं का."

"वा रे शेठ!"

ऑगस्टीन अंकल जाळ्याच्या ढिगावर बसले होते. ते म्हणाले, "कोणी हात लावू नका तिला. तापलीय. थंड होऊ दे."

अंधार पडला होता. होड्या एकमेकींना घासत होत्या. आम्ही तिघं अंकलजवळ बसलो. अंकल अजूनही सातिवलीत स्वतःच्या गाळ्यात लेथ चालवतात, गाड्यांमधलं त्यांना कळतं. केल्विनने विचारलं, "अंकल, गरम झाल्यावरच का अडते ही?"

"त्याची कारणं असतात," अंकल म्हणाले. मग त्यांनी व्हॅनकडे बघितलं. "डेन्झिलच्या गाळ्यात काय झालं ते तुम्हाला कोणी सांगितलंय का?"

आम्ही नाही म्हणालो. मग त्यांनी सांगितलं ते असं.

डेन्झिल माझा शेजारी. भिंतीला भिंत लागून गाळा. जुन्या, कार्बोरेटरवाल्या गाड्या त्याच्याकडे यायच्या. गेल्या वर्षी गुड फ्रायडेच्या दुपारी त्याला आगाशीहून हंसाबाईंचा फोन आला. त्यांची फुलांची वाडी आहे. त्यांची व्हॅन चालू ठेवून उभी केली की मिसिंग मारते, इंजिन अडखळतं, सगळी थडथडते. आणि तापल्यावर बंद केली की परत चालू होत नाही. उद्या पहाटे चर्चच्या सजावटीची फुलं घेऊन त्यांची मुलगी मनाली एकटी जाणार. आजच बघून दे, म्हणाल्या.

डेन्झिलची बायको प्रिसिला चिडली. "आज? आजच्या दिवशी आपल्यात खिळासुद्धा ठोकत नाहीत, आणि तू पाने घेऊन चाललास?"

"ठोकतोय कुठे? कान लावून ऐकणार फक्त."

"हो, आणि फादरनी विचारलं की मी सांगते, माझा नवरा इंजिनाची कबुली ऐकायला गेलाय."

तो हसला. चर्चमध्ये क्रूसाच्या वाटेची प्रार्थना केली, आणि तिथूनच परस्पर आगाशीची बस पकडली.

हंसाबाई अंगणात व्हॅनपासून लांब उभ्या होत्या. चावी देताना म्हणाल्या, "दादा, थंड असली का काय नाय व्हत. तापली का मी बसत नाय तिच्यात."

"का?"

"नाय बसत."

मग त्यांनीच सांगितलं. त्यांचा नवरा काशीराम हीच व्हॅन चालवायचा. दोन वर्षांपूर्वी, मे महिन्याच्या दुपारी, हायवेवर गाडी अशीच अडली. तो सीटवर बसून राहिला, गाडी थंड व्हायची वाट बघत. तिथेच छातीत दुखून गेला. "मानसं येत-जात व्हती. त्यांना वाटलं झोपलाय. सांज व्हयपर्यंत कोनी हाक नाय मारली… दादा, माज्या पोरीला असं बसवू नको रस्त्यात. बाकी काय मागत नाय."

डेन्झिलने शब्द दिला.

आगाशीपासून सातिवलीपर्यंत त्याने इंजिन बंद केलं नाही. सिग्नलला पाय ॲक्सिलरेटरवरच. पाय काढला की गाडी थरथरायची, जणू थंडी वाजतेय. साडेनऊला गाळ्यावर पोचला. सगळी इंडस्ट्री बंद. कुत्रंसुद्धा नाही. त्याने व्हॅन आत घेतली, दिवा लावला, आणि शटर पूर्ण खाली ओढलं.

आता तुम्ही म्हणाल, चालू गाडी आणि बंद शटर? मेकॅनिक माणसाला धूर कळत नाही? कळतो. पण मागच्या चाळीत आपल्या लोकांची चार घरं आहेत. गुड फ्रायडेच्या रात्री डेन्झिल हत्यारं घेऊन बसलाय, हे त्यांनी बघू नये, एवढंच त्याच्या मनात. पाच मिनिटांचं काम, असं त्याने स्वतःला सांगितलं असणार.

त्या व्हॅनमध्ये इंजिन पुढच्या सीटांखाली असतं. त्याने डावीकडची सीट उचलली. इंजिन थडथडत होतं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक कार्बोरेटरला लावलं, मूठ कानाला. आम्ही असंच ऐकतो, डॉक्टरसारखं. आत बारीक फुसफुस ऐकू आली. कुठूनतरी हवा खेचत होती. शोधत शोधत त्याला खालची रबरी नळी सापडली. चिरलेली. त्याने चिरेवर बोट दाबलं… इंजिन एकदम शांत. बोट काढलं, थडथड. दाबलं, शांत.

"सापडली," तो स्वतःशीच म्हणाला. अर्धं काम झालं. नळीचा तुकडा आणायला त्याने बोट काढलं.

इंजिन शांतच राहिलं.

त्याने वाकून बघितलं. चीर तशीच उघडी. इंजिन मात्र एका सुरात चाललेलं. जसं… जसं त्या चिरेवर आता दुसऱ्या कोणाचं बोट होतं.

त्याने पुन्हा स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. फुसफुस नव्हती. दुसरंच काही होतं. आत कोणीतरी श्वास घेत होतं. ओढून, अडकत. छातीवर ओझं असल्यासारखं. मग थांबायचं. पुन्हा… ओढून…

आणि इंजिन बंद पडलं.

डेन्झिलने डॅशबोर्डकडे बघितलं. चावी फिरलेली होती. बंदच्या खाचेत. त्याने हात लावला नव्हता.

डोकं जड झालं होतं. त्याला वाटलं, दमलोय. आपणच फिरवली असेल चावी. आणि बंद झालीच आहे, तापलेलीही आहे, तर दुसरं दुखणंही आत्ताच बघून घ्यावं. डाव्या दारातूनच हात लांबवून त्याने सेल्फ मारला. खर्र… खर्र… ठिणगी नाही. म्हणजे कॉइल. तापली की मरत असणार. ती बघायची तर पलीकडून, ड्रायव्हरची सीट उचलून.

त्या बाजूला गेला. हूक काढला. सीट उचलली.

उचलली गेली नाही.

दोन्ही हातांनी ओढली. हूक तर निघालेला. ती सीट लहान पोर उचलतं, अरे. हलेना. खालून स्प्रिंग करकरली. त्याने नीट बघितलं. रेक्झिन खाली दबलेलं होतं. मधोमध खोल. पाठीकडेही खळगा.

रिकामी सीट. आणि कोणीतरी बसल्यासारखी दबलेली.

डेन्झिलने हात सोडला.

गाळ्यात आवाज नव्हता. फक्त तापलेलं लोखंड… टिक… टिक…

मग अगदी जवळून, त्याच्या कानाच्या उंचीवरून, दमलेल्या माणसाचा आवाज.

"थंड होऊ दे…"

डेन्झिल वळला. शटरकडे धावला. धावला म्हणजे त्याला धावायचं होतं. भिंत धरत धरत पोचला. शटर धरून वर ओढलं. घट्ट. पुन्हा ओढलं. खाचेत तिरकं अडकलं होतं. हाक मारायला तोंड उघडलं, तर नुसता खोकला. आणि चाळ होती मागच्या बाजूला.

मागे स्प्रिंग करकरली. दाबलेली सीट सुटावी तशी.

कोणीतरी उठलं होतं.

व्हॅनचं दार उघडलं. सावकाश.

मग चपला. जमिनीवर घासत. एक… थांबणं. एक… थांबणं. छाती धरून चालणारा माणूस चालतो तशा.

डेन्झिलने मागे बघितलं नाही. शटरला तोंड लावून तो खाली घसरला. चपला त्याच्या डोक्याशी येऊन थांबल्या. आणि वर कोणीतरी श्वास… ओढून…

त्याला आठवतं ते एवढंच.

अंकलनी जाळ्याच्या ढिगावर पाय वर घेतले. प्रितेशने माझी बाही धरली होती, आणि हे त्याला कळलं नव्हतं.

"अंकल, मग?" केल्विनने हळूच विचारलं.

मग पहाटे प्रिसिलाचा फोन, मला. डेन्झिल घरी नाही, फोन उचलत नाही. मी स्कूटर काढली. गाळ्याशी पोचलो तर आत दिवा चालू. शटर खालून वीतभर उचललेलं. आणि त्या फटीत, जमिनीला टेकलेला, डेन्झिलचा चेहरा. तोंड बाहेर. बाहेरची हवा घेत.

मी ओरडलो. चाळीतले लोक आले, आम्ही पहारीने शटर वर केलं. डेन्झिलला पायरीवर बसवलं. पाणी पाजलं, ओकला, मग बोलला. नंतर डॉक्टर म्हणाले, धुराचं विष. तोंडाशी ती फट नसती तर हा उठला नसता.

फट कशामुळे होती, ते मी बघितलं. शटरखाली जॅक लावलेला होता. गाडीचा छोटा, स्क्रूने फिरवायचा जॅक. आतल्या बाजूने. नीट मधोमध बसवून, फेरे देऊन वर चढवलेला. मी डेन्झिलला म्हणालो, "शाब्बास, सुचलं तरी तुला."

त्याने जॅककडे बघितलं. "अंकल, तो माझा नाही. माझ्याकडे सगळे हायड्रॉलिक."

इंजिनाला मी हात लावला. दगडासारखं थंड होतं. नळी आणि कॉइल नंतर त्याने बदलली, आज ती व्हॅन मनाली चालवते, कुठे अडत नाही. ते सगळं झालं. पण त्या सकाळी हंसाबाई आणि मनाली रिक्षाने आल्या, त्यांना मी जॅक दाखवला. म्हटलं, गाडीतला आहे का?

हंसाबाई दोन पावलं पुढे आल्या.

"ह्यांचा हाय," त्या म्हणाल्या. "पन गाडीत नव्हता, दादा. हे गेले त्याच दिवशी रस्त्यावरून कोनीतरी चोरून नेला. दोन वरसं झाली."

मनालीने आईचा हात धरला. हंसाबाईंनी तो सोडवला, खाली वाकल्या, जॅक उचलायला गेल्या… आणि बोटं झटकन मागे घेतली.

रात्रभर सिमेंटवर पडलेलं लोखंड. सकाळचा गारवा. मीसुद्धा हात लावून बघितला.

उघड्या हाताने धरवत नव्हता, मे महिन्याच्या उन्हात पडल्यासारखा तापलेला. त्यांनी पदराची चौपदरी घडी केली, त्यात तो जॅक धरला, आणि तसाच छातीशी घेऊन रिक्षात बसल्या.