उलट्या बेडकाची गॅरंटी

ती पहिल्यांदा दुकानात आली ती लिफ्टच्या खोलीची किल्ली मागायला. आमच्या इमारतीतली ती किल्ली माझ्या दुकानात खिळ्याला टांगलेली असायची. दुकान घड्याळदुरुस्तीचं. काउंटरवर माझी थोरली बहीण, मागच्या टेबलाशी मी.

"मी सरकारी तपासनीस. लिफ्ट बघायला आलेय," असं म्हणून तिने ओळखपत्रासाठी पिशवीत हात घातला. ओळखपत्राच्या आधी एक पत्र्याचा हिरवा बेडूक बाहेर पडला. त्याला चावी दिलेली असावी. काउंटरवर टेकला आणि टक्, टक्, टक् करत चक्क मागे मागे उड्या मारत ताईच्या चहाच्या कपाला जाऊन धडकला.

"अगं बाई!" ताई म्हणाली.

"याला तासभर सांभाळाल? वर सगळं तेलकट असतं." ती हसली आणि किल्ली घेऊन गेली.

आता घड्याळजीसमोर बिघडलेली वस्तू तासभर ठेवली तर काय होणार? हात शिवशिवायला लागले. मी बेडकाचं पोट उघडलं. पायांना ढकलणारी पट्टी कारखान्यातच उलटी बसवली होती. ती सुलट बसेना, म्हणून तिचं एक टोक कानशीने घासून टाकलं. लिफ्ट बघून ती खाली आली तेव्हा बेडूक शिस्तीत पुढे उड्या मारत होता आणि मी शाबासकीची वाट बघत उभा होतो.

"हे काय केलंत?"

"दुरुस्त केला."

"कुणी सांगितलं होतं?"

"बिघडला होता..."

"तो बिघडलेलाच होता! म्हणूनच तर तो—" तिने फोन काढून माझ्यासमोर धरला.

इंटरनेटवर या बेडकांच्या मालकांचा एक गट होता. नाव 'मागे उडणारे'. कधी काळी कारखान्यातून एक पेटीभर बेडूक उलटे जोडून बाहेर पडले होते, आणि ते जपून ठेवलेली जगभरातली दोनशे चौदा माणसं तिथे रोज जमत होती. कुणाचा बेडूक झोपलेल्या कुत्र्याच्या पोटावरून मागे चालला होता. एका गृहस्थांनी बनियनवर बसून अकरा मिनिटं नुसती बेडकाला चावी दिली होती, आणि खाली नव्वद जणांनी त्यांचं कौतुक केलं होतं.

"लहानपणी भाऊ आणि मी शर्यत लावायचो," ती म्हणाली. "त्याचा पुढे जायचा, माझा मागे. मी रोज हरायचे. एक दिवस मी याला पाठमोरा ठेवला. तोंड तिकडे, उडी इकडे. त्यानंतर कधी हरले नाही."

मी बेडूक उचलून पुन्हा मागच्या टेबलावर ठेवला.

"पुढच्या शनिवारी येते. होता तसा बिघडवून ठेवा."

वस्तू बिघडवायचं काम मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं होतं. आणि सांगतो, दुरुस्त करणं त्यापेक्षा सोपं. मी नवी पट्टी कापली. शनिवारी बेडूक जागच्या जागी गरागरा फिरला. तिने वही काढली, लिफ्टच्या तपासणीची.

"नापास. फेरतपासणी पुढच्या शनिवारी."

पुढच्या शनिवारी तो सरळ वर उडाला आणि पाठीवर पडून पाय झाडत राहिला.

"हा व्यायाम करतोय का?"

"प्रयत्न करतोय बिचारा."

"बेडूक की तुम्ही?"

मी तिच्यापुढे फडकं सरकवलं. तिच्या बोटांना नेहमी लिफ्टचं ग्रीस लागलेलं असायचं. तिने एकेक बोट सावकाश पुसलं... आणि मी, ज्याला मिनिटाचा काटाही चुकलेला चालत नाही, तो घड्याळाकडे बघायला विसरलो.

"धुतलेलं फडकं?" ती गेल्यावर ताई म्हणाली. "माझ्या चष्म्याला आजवर कधी दिलं नाहीस."

तिसऱ्या शुक्रवारी बेडूक जमला. चांगला वीतभर सरळ मागे गेला. मला आनंद व्हायला हवा होता. उद्या ती येणार, पास म्हणणार, बेडूक पिशवीत घालून जाणार. परत यायचं काही कारण राहणार नाही. मी चिमटा घेतला आणि पट्टी जराशी... अगदी जराशी वाकवली.

"नापास," ती शनिवारी म्हणाली. नापास होऊन इतका खूश झालेला माणूस तिने पाहिला नसेल.

चौथा शनिवार नापास. पाचवा नापास. पाचव्याला मी भांग पाडला होता, तोही तिने तिरका ठरवला.

सहाव्या शनिवारी तिने वही उघडलीच नाही.

"मला बढती मिळतेय. दुसऱ्या शहरात. सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचंय." आणि ती माझ्याकडे बघत राहिली.

मी म्हणालो, "अभिनंदन."

ताईने कपाळावर हात मारला. आवाज मला ऐकू आला.

जाणाऱ्या माणसाची वस्तू अडकवून ठेवू नये एवढं मला कळत होतं. मी चिमटा उचलला, पट्टी एकदाच दाबली. बेडूक वीतभर मागे गेला, सरळ.

"एवढ्यात जमलं?"

"हो... जमलं एकदाचं."

तिने वहीत 'पास' लिहिलं, सही केली, कागद फाडून मला दिला. बेडूक पिशवीत गेला. ती दाराशी पोचली. ताई माझ्याकडे अशी बघत होती की एखादं बंद घड्याळही चालू झालं असतं.

"अहो!" मी ओरडलो. "या कामाला... गॅरंटी असते."

ती थांबली. वळली नाही. मग पाठमोरीच, एक, दोन, तीन, चार... पावलं टाकत मागे मागे आली आणि काउंटरला टेकली. तोंड रस्त्याकडे.

"किती दिवसांची?"

"मी जिवंत आहे तोवर. दर शनिवारी आणून दाखवायचा."

"आणि मी दुसऱ्या शहरात गेले तर?"

"तर लागू नाही."

तिचे खांदे हलायला लागले. रडते की काय म्हणून मी घाबरलो. ती हसत होती. तिने वळून फोन माझ्या हातात दिला. 'मागे उडणारे', सभासद दोनशे पंधरावी: घड्याळजीची थोरली बहीण. तिसऱ्या शुक्रवारचा व्हिडिओ. त्यात बेडूक झकास मागे जातो, मग मी चोरासारखा इकडेतिकडे बघतो आणि चिमट्याने त्याला पुन्हा बिघडवतो. खाली त्रेसष्ट जणांनी लिहिलं होतं. सगळ्यांचं म्हणणं एकच: हा माणूस कामातून गेला.

"म्हणजे तीन आठवडे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"तरी नापास?"

"बेडूक नव्हे हो," ती म्हणाली. "तुम्ही. तोंडी परीक्षेत."

सोमवारी तिने 'नाही' कळवलं.

त्यानंतर चौदा वर्षं दर शनिवारी बेडकाची तपासणी झाली. भांडण झालेलं असलं तरी झाली. तेव्हा ती त्याला माझ्याकडे तोंड करून ठेवायची, म्हणजे तो माझ्यापासून लांब जायचा. मागच्या वर्षी ती गेली. आजार थोड्याच दिवसांचा होता. मला काही दुरुस्त करता आलं नाही.

गॅरंटी मात्र मी माझ्या आयुष्याची दिली आहे. म्हणून शनिवारी बेडूक काउंटरवर ठेवतो, तोंड दाराकडे. टक्, टक्, टक् करत तो माझ्याकडे येतो. वीतभर, सरळ.

"काय रे, पास का?" ताई विचारते.

"नापास," मी म्हणतो. "पुढच्या शनिवारी परत बघू."