मागच्या चाकापाशी

चिखलीत बस स्टँडच्या मागच्या गल्लीत जाकीरचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. खाली वॉशर, नळ्या, नोझल, जुन्या बॅटऱ्या आणि वर भिंतीला टांगलेली त्याची सायकल. गिऱ्हाईक पाठीवरचा पंप उतरवता उतरवता आधी तिच्याकडं बघायचं. एवढ्या बारीक चाकांवर माणूस बसतो तरी कसा, असं विचारायचं. जाकीर हसायचा आणि पंप खोलायला घ्यायचा.

सायकलीचा नाद त्याला निवृत्ती सरांनी लावला. सर शाळेत पीटी शिकवायचे. तिसरा गोकुळ, उंद्रीचा. तो बियाण्याच्या कंपनीत होता, गावोगाव फिरून बीटी कपाशीची पाकिटं खपवायचा. त्याच्या हातांना, बॅगेला, कपड्यांना बियाण्यावर चोळतात त्या लाल औषधाचा वास कायम असे. कितीही साबण लावला तरी तो जात नसे.

दर रविवारी उजाडता उजाडता तिघं निघायचे. बुलढाणा गाठायचा, तिथून राजूर घाट पायथ्यापर्यंत उतरायचा आणि मग तोच घाट चढून परत यायचं. औरंगाबादहून दोनशे किलोमीटरची एका दिवसाची राईड निघते, ती तिघांनी मिळून पुरी करायची, असं ठरलं होतं. चढावर सर पुढं, मध्ये जाकीर, आणि गोकुळ नेहमी जाकीरच्या मागच्या चाकापाशी. गोकुळच्या सायकलीत एक खोड होती. डावं पॅडल खाली आलं की कट् असा आवाज व्हायचा. जाकीरनं ती अनेकदा खोलली, ग्रीस भरलं, बेअरिंग बदललं. आवाज काही गेला नाही. जाकीर दमला की मागून गोकुळचा आवाज यायचा, "चला जाकीरभाई, चला." एवढंच. पण तेवढ्यानं चढ निघायचा.

मग बोंडअळीचं वर्ष आलं. बोंड फोडावं तर आत गुलाबी अळी. जाकीरच्या दुकानात दारापर्यंत पंप साचले. लोक फवारून फवारून दमले आणि अळी आत तशीच. ज्या गावांत गोकुळला चहा घेतल्याशिवाय निघू देत नसत, तिथं त्याला कोणी बस म्हणेना. जानेफळला तो एका ओळखीच्या ओट्यावर तासभर उभा राहिला. कोणी भांडलं नाही. कोणी बोललंच नाही. उन्हाळ्यात कंपनीनं फिरतीची माणसं कमी केली आणि गोकुळ चाकणला एका गोदामात कामाला लागला. जाताना आपली सायकल जाकीरच्या दुकानात, त्याच्या सायकलीशेजारी टांगून गेला.

त्याच मोसमात सरांचा गुडघा गेला. आणि शाळेचं नवं वर्ष सुरू व्हायच्या आधी गुलनाज, जाकीरची बायको, नऊ वर्षांच्या शाइस्ताला घेऊन औरंगाबादला माहेरी राहायला गेली. तिकडं शाळा चांगली होती. जाकीरनंच हो म्हटलं होतं. दुकान सोडून त्याला जाता येण्यासारखं नव्हतं. आता घरात एका माणसाचा स्वयंपाक होता. रात्री तो टीव्ही लावायचा आणि आवाज बंद ठेवायचा.

पावसाळा सरता सरता एका रविवारी तो एकटाच निघाला.

घाट धुऊन निघाल्यासारखा हिरवा होता. सागाची पानं रस्त्यावर ओली पडलेली, दगडांतून पाणी झिरपत होतं. पायथ्याला वळून त्यानं चढायला सुरुवात केली. पहिली वळणं निघाली. मधल्या उभ्या चढावर, जिथं तो नेहमी ढेपाळायचा, तिथं छातीत भाता चालायला लागला आणि उतरावं असं त्याच्या मनात आलं.

तेव्हा मागून कट् असा आवाज आला.

त्याला वाटलं, आपलीच चेन. त्यानं गिअर बदलला. आवाज बदलला नाही. त्याच्या पायांशी त्या आवाजाचा काही मेळ नव्हता; कोणीतरी जरा सावकाश, जड पाय मारत होतं. मग श्वास ऐकू आला, तोंडानं घेतलेला. आणि ओल्या मातीच्या वासातून तो लाल औषधाचा वास.

जाकीरनं मागं पाहिलं. रस्ता मोकळा होता, खालच्या वळणापर्यंत. तो बघत होता तरीही आवाज चालूच होता. कट्. कट्. त्याच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर.

आश्चर्य म्हणजे त्याला भीती वाटली नाही. त्यानं मान पुढं केली आणि पाय मारत राहिला. उभा चढ निघाला. पुढचाही निघाला. शेवटच्या वळणाच्या कठड्यापाशी आवाज थांबला आणि तो एकटाच माथ्यावर आला. पाय न टेकता तो पहिल्यांदाच घाट चढला होता.

संध्याकाळी सरांना भेटून त्यानं सांगितलं. सर पाय पाटावर घेऊन शेकत बसले होते.

"दमल्यावर मेंदूले हवा कमी पडते," ते म्हणाले. "भास होते माणसाले. पाणी पीत जा."

जाकीरला ते पटलं. रात्री त्यानं गोकुळला फोन केला आणि हीच गोष्ट गंमत म्हणून सांगितली. गोकुळ हसला नाही.

"सकाळी कोणत्या वक्ताले चढले तुम्ही?"

जाकीरनं सांगितलं.

"मी खोलीवर झोपेल होतो तवा," गोकुळ म्हणाला. "उठलो तं बनियन पिळून काढा असं ओलं. पोटऱ्या दगडावाणी. पार्टनर म्हणे, झोपेत धापा टाकून राह्यला तू."

जाकीरनं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग गोकुळच म्हणाला, "मले न सांगता एखाद्या दिवशी जाऊन पाहा."

जाकीर त्याच आठवड्यात बुधवारी दुकान बंद ठेवून गेला. कट् ऐकू आलं, त्याच चढावर. तो घाट चढून घरी पोचायच्या आत गोकुळचा फोन आला. गोदामात खोका उचलता उचलता तो खाली बसला होता. "आज घाट चढले ना तुम्ही," त्यानं विचारलं. प्रश्नासारखं नव्हतं ते. मग कसंबसं हसून म्हणाला, "बरंच हाय भाई. मी तं बसल्या जागी ट्रेनिंग करून राह्यलो."

यानंतर जाकीरनं थांबायला हवं होतं. त्याला ते कळत होतं. पण आठवडाभर दुकानात येणारी माणसं पंपाबद्दल बोलत, तीही आता कमी झाली होती. बऱ्याच जणांनी कपाशी सोडून सोयाबीन पेरलं होतं. शाइस्ताचा फोन यायचा, "अब्बू, अभी ट्यूशन है," म्हणून ठेवला जायचा. रविवारी मात्र मागच्या चाकापाशी कोणीतरी असायचं. तो आणखी दोन रविवार गेला. आता तो मागं बघत नसे. चढताना अधूनमधून बोलायचाही, अळीबद्दल, सरांच्या गुडघ्याबद्दल. उत्तर यायचं नाही. श्वास मात्र यायचा.

दुसऱ्या रविवारी माथ्यावर तो गोजरबाईच्या टपरीवर थांबला. तिघं असताना ते तिथंच चहा घ्यायचे. तिनं गाळणी झटकली आणि रस्त्याकडं बघून म्हणाली, "त्याईले बी बोलवा ना. तिथं काऊन थांबले?"

"कोणाले?"

"तुमचे उंद्रीवाले दोस्त. कठड्यापाशी वाकून उभे होते आत्ता, गुडघ्यावर हात देऊन. लय उतरले ते. बिमार होते काय?"

जाकीरनं वळून पाहिलं. कठडा होता, त्यावर वाळत घातलेलं एक पोतं होतं, आणि पलीकडं मोताळ्याकडचा धुरकट मुलूख. त्यानं चहा अर्धा ठेवला.

त्याच दिवशी गोकुळ जिन्यात पडला. पार्टनरनं दवाखान्यात नेलं. ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं, काही निघालं नाही. वजन मात्र बरंच उतरलं होतं. दोन दिवसांनी त्याचा फोन आला तेव्हा आवाज इतका बारीक होता की जाकीरला दुकानाचं शटर ओढून आत बसावं लागलं.

"जाकीरभाई, एक मांगू काय?"

"सांग."

"घाट नका चढू."

"नाई चढत," जाकीर म्हणाला. "तुह्या गळ्याची शपथ."

त्यानं शब्द पाळला. सायकल खिळ्यावर गेली. दिवाळी झाली, थंडी पडली. उरलेली कपाशी फुटली आणि वेचणीच्या बाया सकाळी टेम्पोत बसून जाताना दिसायला लागल्या. गोकुळ सुधारला. त्याला तिकडं मित्र मिळाले, रविवारी ते क्रिकेट खेळायला लागले. फोन आठवड्याचा पंधरवड्यावर गेला. मग जाकीरनं लावला तर "नंतर करतो भाई" असं व्हायला लागलं. जाकीरला बरं वाटायचं, पोरगं वाचलं म्हणून. आणि वाईटही वाटायचं, ते का, हे तो स्वतःलाही नीट सांगू शकला नसता.

औरंगाबादच्या राईडची तारीख जवळ आली. ती आता कोणीच करणार नव्हतं. तरी एका रविवारी सकाळी जाकीरनं सायकल उतरवली, हवा भरली. बुलढाण्यापर्यंतच जायचं, असं तो स्वतःशी म्हणाला. बुलढाण्यात पोचल्यावर म्हणाला, घाट नुसता उतरून टेम्पोनं वर येऊ. पायथ्याला तो टेम्पोची वाट बघत उभा राहिला. एक आला, रिकामा होता, ड्रायव्हरनं वेगही कमी केला. जाकीरनं हात केला नाही.

गोकुळचा विचार मनात आणायचा नाही, असं त्यानं ठरवलं. त्याला वाटलं, मीच आठवण काढतो म्हणून तो ओढला जातो. मनात दुसरं काही ठेवलं तर पोराला त्रास होणार नाही. मनात काय ठेवावं? शाइस्ता सायकल शिकली ते त्यानं आठवायला घेतलं. दुकानापुढच्या गल्लीत, मागून सीट धरून तो पळायचा. ती सारखी विचारायची, पकडे हैं ना? त्यानं हात केव्हाच सोडलेला असायचा, तरी तो म्हणायचा, हाव, पकडे हैं. ती वळून बघायची नाही. तिच्या वेणीला आवळ्याच्या तेलाचा वास यायचा.

हे आठवत आठवत पहिली वळणं निघाली. घाट आता पिवळा झाला होता. सागाची वाळलेली पानं चाकाखाली चुरचुरत होती. उभा चढ आला. जाकीरनं कान टवकारले.

कट् नाही. लाल औषधाचा वास नाही. काहीच नाही.

त्यानं सुटकेचा श्वास सोडला. गोकुळ सुटला, असं त्याला वाटलं. आणि लगेच तो डोंगर एवढा मोठा आणि रिकामा वाटला की त्याचे पाय थांबायला आले. त्यानं पुन्हा ती गल्ली आठवली. ती सीट. ती पाठमोरी वेणी.

चढ हलका झाला.

कसा झाला, त्याला कळलं नाही. ऊन पाठीवर आलं होतं, पाय आपोआप फिरत होते. वारा पडला होता. एक वळण गेलं, आणखी एक. तो मनाशी म्हणत होता, चल, चल. मग त्याच्या ध्यानात आलं की तो ते मोठ्यानं म्हणतो आहे.

वाळक्या पानांच्या वासात कुठंतरी तेलाचा वास होता.

त्याच्या श्वासांच्या मधल्या जागेत दुसरे श्वास होते. बारीक, उतावीळ, त्याच्या दोनांत तीन होणारे.

खिशात फोन वाजायला लागला.

त्यानं तो वाजू दिला. बंद झाला. पुन्हा वाजला. जाकीरनं ब्रेक दाबले, एक पाय रस्त्यावर टेकला आणि फोन काढला. गुलनाजचा होता. ती घाबरलेली होती आणि घाबरलेलं दाखवायचं नाही म्हणून हळू बोलत होती.

शाइस्ताला बरं नाही, ती म्हणाली. आज सुट्टी, म्हणून झोपू दिलं होतं. आत्ता बघायला गेले तर उशी भिजलेली. अंग तापलेलं नाही, पण धाप लागली आहे, पाय दुखतात म्हणून रडते आहे. डोळे उघडत नाही. झोपेतच आहे. भाऊ रिक्षा आणायला गेला आहे.

वर वळणं होती, खाली वळणं होती. मागं पाहायला त्याची मान वळेना.

"सुन रहे ना?" गुलनाजनं विचारलं.

"हाव."

"अब जरा दम कम हुआ उसका," ती म्हणाली. "अभी एक मिनट हुआ." मग ती फोन बाजूला धरून पोरीशी काहीतरी बोलली. पोरीचं पुटपुटणं ऐकू आलं, शब्द कळले नाहीत. गुलनाज परत फोनवर आली तेव्हा तिच्या आवाजात नुसता गोंधळ होता.

"नींद में बोल रही," ती म्हणाली. "पूछ रही, अब्बू रुक काय को गए."