दोन वेढे कमी

"धागो आसा? जाडसो. मेण लावलेलो असलो तर बरोच."

मालवणच्या बाजारातल्या माझ्या शिवणाच्या दुकानात मी मांडीवर लग्नाचा पांढरा गाऊन पसरून मणी लावत होते. मान वर केली, तर दारात काळ्या सुटातला एक तरुण... हातात पितळेची वाकडी नळी!

"प्लंबर फुडच्या गल्लीत रवता," मी म्हटलं.

तो हसला. आणि माझ्या सुईतला मणी घरंगळून थेट त्याच्या बुटापाशी गेला.

"नळ नाय गो, सॅक्सोफोनाची मान ती! हिचा बूच सुटला. अर्ध्या तासात लग्नघरात नवरेक हळदीसारखो नारळाचो रोस लावतले, आणि माझो फुकूचो तोंडाचो भाग हलता."

मी नळीच्या टोकाला मेणाचा धागा गच्च गुंडाळला. त्याने त्यावर तोंडाचा भाग बसवला, वाद्य जोडलं आणि दुकानातच एक लांब, मऊ सूर काढला. तो सूर संपूच नये असं वाटलं मला. खोटं कशाला बोलू?

त्याचं नाव ब्रॅंडन. वडील, स्टॅनली अंकल, लग्नाच्या बँडात ट्रंपेट वाजवायचे. लेकाने धूमधडाका वाजवावा ही त्यांची इच्छा, आणि याला वेड संथ, हळुवार जॅझचं. सहा वर्षं तो प्रवासी जहाजांवर वाजवत होता, जेवणाऱ्या लोकांसमोर.

"टाळयो पडत. पण खीर इली म्हणान," तो म्हणाला.

आता गोव्यातल्या एका हॉटेलात नवा बँड उभा राहत होता. तिथे निवड झाली तर तो इथेच राहणार. नाहीतर जानेवारीत पुन्हा जहाज, नऊ महिने.

दर चार दिवसांनी तो यायचा. "डेल्सी, धागो सैल झालो."

"तुझी फुंकच लय जोरात आसा."

"नाय, तुझोच हात हलको आसा."

हात हलका कसला! मी मुद्दाम दोन वेढे कमी घालत होते. तो परत यावा म्हणून. लबाडी होती, पण फार गोड लबाडी होती.

शनिवारी तो आला. उद्या गोव्यात त्या बँडसाठी परीक्षा. मी गुंडाळत होते आणि तो एकटक बघत होता – धाग्याकडे नव्हे. कधी गाठ मारली, मला कळलंच नाही. रात्री अंथरुणावर पडले आणि ताडकन उठून बसले. सवयीने आजही दोन वेढे कमीच! लगेच फोन लावला. बंद. सकाळी पुन्हा लावला. बंदच.

सोमवारी तो दुकानात आला तेव्हा हसला नाही.

"ऐन गाण्यात तोंडाचो भाग घसारलो. सगळे सूर उतारले." तो स्टुलावर बसला. "गुरवारी परत बोलवल्यानी. शेवटची संधी."

मला रडूच कोसळलं. "माझा चुकला रे ब्रॅंडन! मी... मी मुद्दाम सैल बांधी होतंय. तू येवचंस म्हणान. आणि आता माझ्यामुळेच तू नऊ म्हयने..."

मग त्याने खिशातून एक पातळ बुचाची पट्टी काढून माझ्या मशीनवर ठेवली.

"पणजीसून आणलंय. पयल्याच आठवड्यात. चिकटवक धा मिनटां लागतत."

"मगे चिकटवलंस कित्या नाय?"

"मगे हंयसर येवक कारण खंयचा उरात?"

मी रडता रडता हसले. मग आम्ही दोघांनी मिळून ते बूच चिकटवलं. पट्टी त्याने धरली, डिंक मी लावला. बोटांना बोटं चिकटली. सोडवायची घाई कुणालाच नव्हती.

गुरुवारचा दिवस सरता सरेना. एक बाही मी उलटी शिवली, उसवली, पुन्हा उलटीच शिवली. उन्हं कलली तेव्हा तो दारात उभा राहिला. पाठीवर वाद्याची पेटी, चेहऱ्यावर काहीच नाही.

"काय झाला? सांग लवकर!"

"आठवड्यात चार दिवस गोवा. तीन दिवस मालवण." मग मात्र त्याला हसू लपवता आलं नाही. "पण आता धाग्याचा काम संपला. म्हटला, नवीन सूट शिवान घेवया... लग्नाचो."

"मी फक्त बायल मानसांचा शिवतंय," मी कशीबशी म्हणाले.

"मगे गाऊन शिव. तुझ्याच मापाचो."

मी टेप शोधायला लागले. ड्रॉवर उघडला, मशीनखाली वाकले, कापडं उचकटली. तो नुसता हसत होता. टेप माझ्याच गळ्यात होता.