विसाव्यावरून परत

खोटं वाटेल त्याला वाटू दे. योगेश माझा सख्खा धाकटा भाऊ आहे, त्याच्यावर भुताच्या गोष्टी रचायची मला हौस नाही.

गेल्या जानेवारीतली संध्याकाळ. देवळाली प्रवराच्या बाहेरचा, कालव्याकडचा रस्ता.

योगेशची कंबर कामातून गेलेली, म्हणून त्याने पुण्याहून झोपून चालवायची सायकल आणली होती. पाठ मागे टेकलेली, पाय पुढे पॅडलवर, उंची जेमतेम गुडघ्याएवढी. कुणी ट्रॅक्टरवाला त्याला तुडवून जाईल, ही आईची धास्ती. म्हणून मी साध्या सायकलवर त्याच्या मागे. “त्याला घेऊनच ये,” हे तिचं रोजचं.

त्या दिवशी मोठ्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची ही रांग. आम्ही आडरस्त्याला वळलो.

एका वस्तीपाशी एक म्हातारा उभा होता. आम्हाला बघून त्याने टोपी काढली... आणि हात जोडले.

योगेश हसला. “बाबा, जित्ता हाय मी अजून.”

म्हातारा हसला नाही. त्याने मला विचारलं, “चौघंच हाय का? बदली मानसं न्हाईत?”

चौघं?

आम्ही तर दोघंच होतो. म्हटलं, थेरडा मस्करी करतोय. डोकं सणकलं, पण तसाच पुढे निघालो.

पुढे बाभळीखाली दगडी ओटा होता. योगेशने त्याला लागून सायकल थांबवली आणि पडल्या पडल्या पाणी प्यायला. माझं लक्ष ओट्यावर गेलं...

वाळलेला झेंडू. गुलाल.

विसावा होता तो! प्रेत नेताना अर्ध्या वाटेत तिरडी टेकवतात, खांदेकरी बदलतात, ती जागा.

मी त्याला तसाच माघारी फिरवला.

येताना चढ लागला. योगेशचे पाय पॅडलवर नुसते टेकलेले... तरी सायकल वर चालली होती.

“दादा, मागून ढकलू नको ना.”

मी चांगला दहा हात मागे होतो.

म्हातारा अजून तिथंच. योगेश त्याच्या अगदी पायाजवळून गेला. म्हाताऱ्याने खाली बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाला, “आलात पोचवून?”

मी जोरात पॅडल मारत योगेशला गाठलं.

आई दारातच होती. योगेशला बघून तिचा जीव भांड्यात पडला. मी दोन्ही सायकली आत घेतल्या.

आता त्याची कंबर अजिबात दुखत नाही. आई खूश आहे. तो जेवतो, हसतो, मोबाईल बघतो. मी मात्र त्याच्याकडे चोरून बघत असतो. भाऊच आहे ना हा?

काल संध्याकाळी त्याने पुन्हा सायकल काढली.

“चल दादा. त्या दिवशी अर्ध्यातनंच परत आलो आपण. बाकीचे तिघं थांबलेत.”

आई आतून म्हणाली, जा रे बरोबर, एकट्याला नको सोडूस.

खांदा दुखतोय म्हणून मी टाळलं.

खोटं नाही ते. त्या संध्याकाळपासून उजवा खांदा ठणकतोय.