मोठ्ठा आ करा!

आमची पहिली भेट झाली तेव्हा माझं तोंड उघडं होतं, अर्धा गाल बधिर होता आणि ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. प्रेमात पडायला याहून वाईट अवस्था शोधून सापडायची नाही!

खालची उजवी दाढ तीन दिवस ठणकत होती. घराजवळ पहिला जो दवाखाना दिसला त्यात मी शिरले. बाहेरच्या खोलीत जुन्या मासिकांचा ढीग असेल असं वाटलं होतं, पण तिथे होतं भिंतभर काचेचं कपाट आणि त्यात नुसती कॉमिक्स. क्रमानं लावलेली, एकाचाही कोपरा दुमडलेला नाही. मी सवयीनं 'लोखंडी चिमणी'चा सातवा भाग काढला. टेबलामागच्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"हात कोरडे आहेत ना? मला काही नाही हो, मुलगा चिडतो."

मुलगा म्हणजे डॉक्टर. उंच, किडकिडीत, आणि तोंडावर मास्क असल्यामुळे नुसते डोळेच दिसणारा. डोळे बरे होते... बरेच बरे होते.

"सातवा भाग वाचत होतात ना?" इंजेक्शन देऊन झाल्यावर त्यानं विचारलं. "मोठ्ठा आ करा. सगळ्या मालिकेतला फालतू भाग आहे तो."

"आँ?"

"चिमणी घड्याळजीला सोडून जाते, ते ठीक. त्यानं तिचे पंख दुरुस्त केले, हिनं त्याचंच दुकान फोडलं, चोर आहे, चालायचंच. पण मग चाळीस पानं छपरावर एकटी बसून राहते? वाचणाऱ्यानं काय करायचं, कौलं मोजायची?"

"आँ आँ आँऽऽ!" मी म्हणाले. म्हणजे, त्याच चाळीस पानांत तिला कळतं ना की आपलं त्याच्यावर प्रेम आहे, मठ्ठोबा!

"पटलं ना?" तो खूश झाला. "आणि अक्षरं! नवव्या भागापासून अक्षरं लिहिणारं माणूस बदललंय. अक्षर सुंदर आहे हो, नको तितकं सुंदर. माणूस कड्यावरून पडतोय, 'मेलो' म्हणून बोंबलतोय, आणि ते 'मेलो' कसं? लग्नपत्रिकेत खाली 'आपले नम्र' लिहितात ना, तसं!"

नवव्या भागापासून ती अक्षरं मी लिहिते.

मी तोंड मिटलं. त्यात त्याचं बोट होतं.

"आई गंऽऽ!"

"आले रे!" बाहेरून आवाज आला.

"तू नको येऊस," तो बोट झटकत म्हणाला. "पेशंटचं मत वेगळं आहे."

घरी आल्यावर मी रागारागानं नववा भाग उघडला. कड्याचं पान काढलं. पाहिलं... पुन्हा पाहिलं. मेल्याचं खरं होतं! माणूस खाली कोसळत होता आणि त्याची किंकाळी नटूनथटून उभी होती.

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण आदल्याच आठवड्यात संपादकबाईंनी मला बोलावून स्पष्ट सांगितलं होतं, "बारावा भाग शेवटचा. त्यानंतरची मालिका कंप्युटरच्या अक्षरांत करावी असं वर घाटतंय. हातानं का लिहायचं, याचं एखादं कारण मला दे बाई." माझ्याकडे होतं काय? सुंदर अक्षर! आणि तेच चुकत होतं.

दाढेला रूट कॅनल करायचं ठरलं, म्हणजे अजून दोन खेपा. दुसऱ्या खेपेला मी तयारीनं गेले. जाड कागदाचे फुगे कापले होते, चित्रातल्या माणसाच्या तोंडून निघतात ना, तस्से. त्यावर उत्तरं लिहिली आणि पिशवीत घालून नेली.

"तर आठव्या भागात," मशीन सुरू करत तो म्हणाला, "तो जुळ्या भावाचा प्रकार—"

मी पहिला फुगा डोक्याशी धरला. *साफ चूक.*

तो थांबला. "अहो, मी अजून काही बोललोच नाही."

दुसरा फुगा. *बोलणार होतात.*

तो खो खो हसत सुटला. नळी एकीकडे, मशीन एकीकडे. तिसरा फुगा होता, *सातवा भाग तुम्हाला कळलाच नाही.* तो वाचता वाचता मात्र त्याचं हसू विरलं. त्यानं फुगा माझ्या हातातून घेतला, दिव्याखाली धरला.

"हा 'ळ'..." तो हळूच म्हणाला. "चष्मा घातल्यासारखा 'ळ'. हा मी ओळखतो. नवव्या भागापासून..." त्याचे कान टोकापासून लाल होत गेले. "तुम्ही?"

मी उघड्या तोंडानं मान हलवली.

"आणि मी तुम्हाला... लग्नपत्रिका म्हणालो."

त्यासाठी माझ्याकडे फुगा नव्हता. मी नुसती पाहत राहिले. त्यानंही पाहिलं. मशीन बिचारं हवेत घर्रर्र करत होतं.

त्यानंतर मी दुपारी त्याच्या जेवणाच्या सुट्टीत जाऊ लागले. बाराव्या भागातलं एक चित्रही बाहेर दाखवायचं नाही अशी मी लेखी हमी दिली होती, म्हणून सुटे शब्द लिहून न्यायची. 'मेलो' चौदा तऱ्हांनी लिहिलं, आणि त्यानं तेरा नाकारल्या.

"हा घाबरलेला नाही, याला उशीर झालाय," तो म्हणायचा. "आणि हा तर सुटीवर निघालाय."

दार 'धाड' वाजतं की 'धडाम', यावर आम्ही दोन दिवस भांडलो. शेवटी त्यानं दवाखान्याचं दार तीनदा आपटून दाखवलं. सुट्टी संपायची वाट बघत बसलेला एक पेशंट दाढ न दाखवताच निघून गेला.

"डॉक्टर आहेस की सुतार?" आई कडाडल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तू गं, जेवलीस का? हा शब्दच खाऊ घालेल नुसते."

मी आख्खा भाग नव्यानं लिहिला. पानं शहाण्णव, दिवस एकोणीस. भिणारी अक्षरं थरथरली, चिडलेली फुग्याबाहेर आली. संपादकबाईंनी पानं चाळली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "पुढची मालिकाही तूच लिहितेस," एवढंच म्हणाल्या. मी जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या गाळत उतरले ती थेट त्याच्याकडे!

त्यानं त्या दिवशी दाढेवर कॅप बसवली. "झालं," तो म्हणाला. "आता दहा वर्षं बघायला नको." आणि दोघांचेही चेहरे पडले.

बारावा भाग बाजारात आला. पहिला दिवस गेला, त्याचा निरोप नाही. दुसरा गेला. चौथ्या दिवशी मात्र माझा धीर सुटला. आवडला नसेल? की मीच उगाच...? मी गाल धरून दवाखान्यात गेले.

"दाढ दुखतेय."

"कुठली?" आईंनी विचारलं.

"डावी."

"काम उजवीचं झालं होतं."

"...तीच. तीच उजवी."

"जा आत," त्या वहीत डोकं घालून म्हणाल्या. त्यांचे खांदे हलत होते.

तो खिडकीशी बसला होता, मांडीवर बारावा भाग. मास्क नव्हता. मी खुर्चीत बसले, तोंड उघडलं आणि लगेच मिटलं.

"वाचलात?"

"सहा वेळा."

"मग कळवलं का नाही?"

"दाढ झाली, पुस्तक संपलं," तो पुस्तकाशी चाळा करत म्हणाला. "मत दिलं की सगळंच संपलं, असं वाटलं. म्हणून... देतच नव्हतो."

"द्या," मी म्हणाले. "मी काही पळून जात नाही."

"एक तक्रार आहे." त्यानं शेवटचं पान उघडलं. चिमणी उंबऱ्यात उभी आहे, घड्याळजी पाठमोरा, आणि ती एकच शब्द बोलते. "हे 'थांब' इतकं बारीक का लिहिलं? मला पुस्तक नाकाशी आणावं लागलं."

"मुद्दामच."

"का पण?"

"जवळ यावं म्हणून."

"कुणी? वाचकांनी?"

"वाचकांचं मला माहीत नाही," मी म्हणाले. माझा आवाज त्या शब्दाहून बारीक झाला होता. "मी लिहिलं तेव्हा... एकाच माणसाचा विचार केला होता."

तो चाकांचं स्टूल सरकवत सरकवत माझ्या गुडघ्यांपर्यंत आला.

"ऐकू आलं नाही नीट," तो म्हणाला. "पुन्हा सांगशील?"

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता.

मी पुन्हा सांगितलं. आणखी हळू.

बाहेर कुणीतरी डॉक्टर आहेत का म्हणून विचारत होतं. "आहेत," आईंचा आवाज आला, "पण अर्धा तास लागेल. अवघड केस आहे!"